मैदान नवं, बंदूक तीच!

‘कॉल ऑफ ड्यूटी’नं शूटर गेम्सची अख्खी दुनिया खिशात घातली. पण त्या नादात या गेम्समधलं नावीन्यच गारद झालं का? गेमर्सच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं रंगणाऱ्या वादाचा हा हिशेब.

आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं खुपसून बसलेल्या माणसाला शुक्रवारी रात्री काय हवं असतं? कुणाला थंडगार बिअर, कुणाला सिनेमा आणि कुणाला हेडफोन लावून दोन तास नुसता धडाधड गोळीबार! तुम्ही या तिसऱ्या पंथातले असाल, तर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ची ओळख करून द्यायची गरज नाही. गेमर्सच्या भाषेत, आपला ‘कॉड’.

मित्रांच्या टोळक्यात विषय फक्त काढून बघा. एक जण म्हणेल, ‘असला गेम होणे नाही.’ दुसरा लगेच उसळेल, ‘अरे, दरवर्षी तेच तेच विकतात रे!’ दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. २००५पासून २०२५पर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही, की ‘कॉड’चा नवा मोठा गेम आला नाही. तोही बहुतेक वेळा दिवाळीच्या आसपास. चकली तीच, लाडू तेच, डबा मात्र दरवर्षी नवा.

मग या एका सिरीजनं फर्स्ट पर्सन शूटरचं, म्हणजे पडद्यावर फक्त आपले हात आणि बंदूक दिसते त्या गेम्सचं, वाटोळं केलं का?

आधी श्रेय देऊ या

एका गेमनं बाकीच्यांना झाकोळून टाकणं ही काही ‘कॉड’ची देणगी नाही. १९९३मध्ये ‘डूम’ आला आणि पुढची काही वर्षं प्रत्येक शूटरला लोक ‘डूम क्लोन’च म्हणत होते. ती कोंडी ‘हाफ-लाइफ’ (१९९८) आणि ‘हेलो’ (२००१) यांच्यासारख्या गेम्सनी फोडली.

२००२मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ करणाऱ्या टीममधली बरीच मंडळी बाहेर पडली. त्यांनी ‘इन्फिनिटी वॉर्ड’ नावाचा स्टुडिओ थाटला आणि २००३मध्ये पहिला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आणला. त्यातला स्टालिनग्राडचा प्रसंग आठवतोय? बोटीतून नदी पार करून तुम्ही युद्धात उतरता आणि तुमच्या हातात फक्त गोळ्या दिल्या जातात. बंदूकच नाही! एकटा हीरो शेकडोंना लोळवतो, या फॉर्म्युल्याला दिलेली ती सणसणीत चपराक होती.

खरा धमाका झाला २००७च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये. दुसरं महायुद्ध सोडून सिरीज आजच्या काळात आली. अणुस्फोटानंतर आपणच खेळत असलेला सैनिक धडपडत चार पावलं टाकतो आणि मरतो. खेळाडू काहीच करू शकत नाही. आणि मल्टिप्लेअरमध्ये? प्रत्येक मॅचमधून पॉइंट्स, पॉइंट्समधून बढती, बढतीतून नवी बंदूक आणि ‘पर्क्स’. ऑफिसात वर्षातून एकदा होणारं अप्रेझल इथे दर दहा मिनिटांनी! लोकांना चटक लागणारच होती. हे नावीन्य नाही, असं कोण म्हणेल?

आणि मग सगळेच ‘कॉड’ झाले

नोव्हेंबर २००९मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ आला. फक्त अमेरिका आणि ब्रिटनमध्ये, फक्त पहिल्या दिवशी सुमारे ४७ लाख प्रती खपल्या. गल्ला सुमारे ३१ कोटी डॉलर. २०११च्या ‘मॉडर्न वॉरफेअर ३’नं (हिमाचल प्रदेशात घडणारं मिशन याच्यातलंच) १६ दिवसांत १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. ‘अवतार’ सिनेमाला त्यासाठी १७ दिवस लागले होते.

हे आकडे बघून बाकीच्या कंपन्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि सुरू झाली कॉपी. २०१०मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ महायुद्धातून उठून अफगाणिस्तानात गेला. २०१२मध्ये त्याचा पुढचा भाग आपटला आणि सिरीजच गुंडाळावी लागली. ‘हेलो ४’नं (२०१२) समान शस्त्रांनी सुरुवात करायची आपली जुनी पद्धत सोडून ‘कॉड’सारखी आपापली शस्त्रं निवडायची सोय आणली. ‘डूम’च्या घरी तर कहरच झाला. चौथ्या भागाचं काम इतकं ‘कॉड’च्या वळणावर गेलं, की लोक त्याला ‘कॉल ऑफ डूम’ म्हणू लागले. शेवटी तो बासनात गेला. २०११मध्ये ‘बुलेटस्टॉर्म’वाल्यांनी ‘ड्यूटी कॉल्स’ नावाचा फुकट गेम काढून या सगळ्याची यथेच्छ टर उडवली. गंमत म्हणजे, विक्रीत ‘बुलेटस्टॉर्म’ काही चमकला नाही.

कॉपीतून नेमकं काय बिघडलं, ते एका उदाहरणावरून कळेल. जुन्या शूटर्समध्ये गोळी लागली की हेल्थ जायची आणि ती भरून काढायला मेडिकिट शोधत फिरावं लागायचं. म्हणून लेव्हल्स भुलभुलैयासारख्या असायच्या. कोपरे, गुप्त खोल्या, परतीच्या वाटा. २००५च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’मध्ये मेडिकिट गेलं. भिंतीआड चार सेकंद दबा धरा, तब्येत आपोआप ठणठणीत! कल्पना पूर्णपणे त्यांची नव्हे, ‘हेलो’ची ढाल अशीच भरून यायची. पण ‘कॉड’मुळे तो जणू नियमच झाला. शोधायचं काही उरलं नाही, तशा अनेक लेव्हल्स बोळासारख्या सरळ झाल्या. पुढे चला, लपा, गोळ्या झाडा, स्फोट बघा, पुढे चला.

खरी किंमत कुणी मोजली?

पण कॉपी करणारे आपटतात आणि विसरले जातात. माझ्या मते खरं नुकसान दुसरीकडेच झालं, खुद्द ‘कॉड’ची मालक असलेल्या ‘ॲक्टिव्हिजन’च्या घरात.

दरवर्षी एवढा अवाढव्य गेम काढायचा, तर माणसं हवीत. ‘रेव्हन’ हा नव्वदच्या दशकात ‘हेरेटिक’ आणि ‘हेक्सन’सारखे गेम्स करणारा स्टुडिओ. २०१०मध्ये त्यांनी ‘सिंग्युलॅरिटी’ केला. त्यात हातातल्या यंत्रानं तुटका जिना पुन्हा नवा करता यायचा, समोरच्या शत्रूचं वय वाढवता यायचं. तो फारसा चालला नाही आणि ‘रेव्हन’ची रवानगी ‘कॉड’च्या कामावर झाली. स्केटबोर्डिंगचे झक्कास गेम्स देणारा ‘नेव्हरसॉफ्ट’ २०१४मध्ये ‘इन्फिनिटी वॉर्ड’मध्ये विरघळला. ‘क्रॅश बँडिकूट ४’ करणारा ‘टॉइज फॉर बॉब’ही २०२१मध्ये याच रांगेत लागला. सुटून स्वतंत्र झाला तो थेट २०२४मध्ये.

आपल्या ऑफिसातलाच फंडा आहे हा! कंपनीचा एक क्लायंट भरपूर पैसे देतो, म्हणून हळूहळू सगळी हुशार पोरं त्याच प्रोजेक्टवर जातात. कंपनी फायद्यात असते. पण त्या पोरांच्या डोक्यात आणखी काय काय होतं, ते कधीच कुणाला कळत नाही. न बनलेल्या गेमची विक्री मोजता येत नाही, म्हणून हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

पण नावीन्य मेलं नाही, घर बदललं

याच काळात बाकीचे हातावर हात धरून बसले नव्हते. ज्या २००७मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर’ आला, त्याच वर्षी ‘पोर्टल’ आणि ‘बायोशॉक’ही आले. २०१०मध्ये ‘इन्फिनिटी वॉर्ड’च्या दोन्ही बॉसेसना कंपनीनं नारळ दिला. त्यांनी ‘रिस्पॉन’ काढली आणि ‘टायटनफॉल’मधून आपल्याला भिंतीवरून पळायला शिकवलं. २०१२मध्ये ‘आर्मा २’ या गेमवर हौसेनं केलेला ‘डेझी’ हा मॉड गाजला. त्या गेमच्या मॉड्समधूनच ‘बॅटल रॉयल’ची कल्पना पुढे आली आणि २०१७मध्ये तिचा ‘पबजी’ झाला.

‘पबजी’बद्दल आपल्याला काय सांगायचं? फोनवर त्यानं इथे जो धुमाकूळ घातला, तो सप्टेंबर २०२०च्या बंदीपर्यंत थांबला नाही. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’नं २०२४मध्ये आणलेला ‘इंडस’ही बॅटल रॉयलच. आणि ‘कॉड’? २०१८मध्ये त्यानं पहिल्यांदाच कथेचं कॅम्पेन वगळलं आणि बॅटल रॉयल आणला. २०२०मध्ये ‘वॉरझोन’. म्हणजे ज्याची सगळे नक्कल करायचे, तोच आता दुसऱ्यांच्या वहीत डोकावत होता.

आपलं काय?

सगळं खापर कंपनीवर फोडून मोकळं होऊ नका. २०१६मध्ये ‘इन्फिनिट वॉरफेअर’ अवकाशात गेला, तेव्हा ट्रेलरला यूट्यूबवर ३० लाखांहून जास्त डिसलाइक्स पडले. काही वेगळं केलं की शिव्या, तेच केलं की गल्ला. मग कंपनीनं काय शिकावं?

पण ऑक्टोबर २०२५मध्ये ‘बॅटलफिल्ड ६’ तीन दिवसांत ७० लाखांवर खपला. डिसेंबर २०२५मध्ये खुद्द ‘ॲक्टिव्हिजन’नं जाहीर केलं, की ‘मॉडर्न वॉरफेअर’ किंवा ‘ब्लॅक ऑप्स’चे भाग यापुढे लागोपाठच्या वर्षांत येणार नाहीत. फराळाचा कंटाळा येऊ शकतो, हे हलवायालाही कळलंय म्हणायचं!

तेव्हा पुढचा ‘कॉड’ जरूर खेळा. पण प्री-ऑर्डरचं बटण दाबण्याआधी तेवढेच पैसे एखाद्या अनोळखी गेमवर लावून बघा. सुरुवात कुठून करायची? ही घ्या यादी.

चव बदलायचीय?

पोर्टल (२००७): बंदूक आहे, पण तिच्यातून गोळी नाही, दार निघतं. डोक्याला मस्त खुराक.

टायटनफॉल २ (२०१६): एका लेव्हलमध्ये बटण दाबलं की भूतकाळ, पुन्हा दाबलं की वर्तमान. निव्वळ जादू!

सुपरहॉट (२०१६): तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकते. गोळीबाराचं बुद्धिबळ.

डूम (२०१६): बासनातून उठून आलेला बाप. इथे लपून हेल्थ भरत नाही, थेट शत्रूच्या अंगावर जावं लागतं.