मुंबईइतकंच लांब, पण वर!

परभणी जिल्ह्यातल्या वालूरचं नाव निघालं की बारवांचा विषय निघतोच. गावकऱ्यांनी साफ करून मोकळी केलेली ती चक्राकार बारव बघायला जाल, तर अंधार पडायच्या आत परतू नका. एखाद्या माळवदावर चढा आणि वर बघा.

तिन्हीसांज सरली की एखादी ठळक चांदणी चालायला लागते. लुकलुकत नाही, आवाज करत नाही, लाल-हिरवे दिवेही नाहीत. म्हणजे विमान नव्हे, उपग्रह! शुक्राच्या तोडीचं तेज असेल तर ते बहुधा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्याची उंची सुमारे ४०० किलोमीटर, आणि वालूरहून मुंबईही सरळ रेषेत जवळपास तेवढीच. हे अंतर स्थानक मिनिटभरात कापतं! २०२५च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा या चालत्या चांदणीत आपलाही माणूस होता.

स्थानक येतं ते नेहमी पश्चिमेच्या अंगाने: नैर्ऋत्येकडून ईशान्येला, नाहीतर वायव्येकडून आग्नेयेला. उत्तर-दक्षिण जाणारा ठिपका दिसला तर तो ध्रुवांवरून फिरणारा असतो. पृथ्वीची छायाचित्रं टिपणारे आपले बरेच उपग्रह याच वाटेचे.

खरी गंमत पुढे आहे. भर आकाशात ठिपका अचानक विझतो! ढग नसतो, काही नसतं. उपग्रहाला स्वतःचा उजेड नाही, तो उन्हात चमकतो. आपल्याकडे रात्र झाली तरी एवढ्या उंचीवर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरला की संपलं. म्हणून स्थानक बघायचं ते सूर्यास्तानंतरच्या दीडेक तासात किंवा पहाटे. मध्यरात्री जागून उपयोग नाही. स्थानकावरच्या लोकांना असे सूर्यास्त दिवसाला सोळा!

टीव्हीचे उपग्रह मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. ते विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंच. गावातल्या सगळ्या डिश दक्षिणेकडे कललेल्या असतात त्या याचमुळे.

दिव्यांची माळ सरकताना दिसली तर घाबरू नका. नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असे रांगेत जातात. २०१९पासून ही माळ जगभर दिसते. पुढे ते उंच चढतात, पांगतात आणि फिके पडतात.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी जळत जाणारे गोळे पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो भाग असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. तुटता तारा डोळ्याची पापणी लवते तोवर गेलेला असतो. असा अवशेष मात्र तुकडे सांडत, शेपट्या ओढत सावकाश जातो. तसं काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

स्थानकाच्या वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर फुकट मिळतात. पावसाळा सरला की वालूरचं आकाश मोकळं होतं. अंगणातला दिवा तेवढा मालवा आणि पोरांना झोपायच्या आधी बाहेर काढा.