पंखा घेताना आधी वॅट पाहा

नव्या यंत्रांची आम्हाला भारी हौस. पण हौस पगारात बसली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात जुना पंखा जळाला, तेव्हा बीएलडीसी पंखा घ्यायचे आमच्या मनात आले. साध्या पंख्यापेक्षा तो बराच महाग. म्हणून घरात सर्वांनी बसून हिशेब मांडला. जुना ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. आपल्या बिलातल्या दराने गुणा, म्हणजे जादा पैसे किती महिन्यांत फिटतील ते कळते. हिशेब पटला आणि पंखा घरी आला.

याच्या मोटारीत कायमचे लोहचुंबक असते, म्हणून वीज कमी लागते. वेग रिमोटने बदलतो. जुना रेग्युलेटर काढावा लागतो. मात्र आतले सर्किट बिघडल्यास नाक्यावरच्या वायरमनला ते जमेलच असे नाही. पावती व वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. बंधू-भगिनींनो, दुकानदाराचे बोलणे ऐका, पण लेबल स्वतः वाचा. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोप, मुलांना अभ्यासाला वारा आणि बिलाची धास्ती कमी, एवढे साधले की हौस कारणी लागली.