रेस वाढते, पण गाडी वाढत नाही

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोटारसायकल हेही एक भांडवलच आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा लूमच्या गावांत सुताची पोती, कापडाचे तागे, रंगाचे डबे यांची बरीचशी ने-आण दुचाकीवरच होते. सुतार, वेल्डर, प्लंबर अशा कारागीर बांधवांची हत्यारेही तिच्यावरूनच फिरतात. अशी गाडी उभी राहिली की धंदा बसतो.

या गाडीचे एक दुखणे हळूहळू येते, रोज थोडे पेट्रोल खाते आणि शेवटी नको त्या ठिकाणी अडवते. ते म्हणजे क्लच घसरणे; गॅरेजमध्ये यालाच 'क्लच स्लिप' म्हणतात. आम्ही मिस्त्री नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु गॅरेजच्या बाकावर बसून जाणत्या उस्तादांकडून जे ऐकले आणि रोजच्या वापरात जो तजुर्बा आला, तो व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत. हे विवेचन गिअरच्या मोटारसायकलींपुरते आहे. बिनगिअरच्या स्कूटरची रचना वेगळी असते.

क्लच घसरतो म्हणजे काय?

इंजिनाचा जोर गिअरपर्यंत पोहोचवण्याचे काम क्लच करतो. त्यात लायनिंगच्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. आपण लिव्हर दाबला की हा दाब सुटतो, सोडला की पुन्हा पकड बसते. ही पकड कमी पडली की इंजिन फिरत राहते आणि चाक मागे पडते. आमच्या लूमवाल्या बंधूंना हे सांगायला नको. पट्टा ढिला पडला की मोटर जोरात फिरते आणि लूम मात्र रेंगाळतो, तसाच हा प्रकार.

आधी खात्री करा

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावी, कारण थंड असताना क्लच बऱ्याचदा आपला मर्ज लपवतो. मग रहदारी नसलेल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना रेस एकदम वाढवावी. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीने चढले तर क्लच ठीक आहे. आवाज आधी चढला आणि वेग मागून रेंगाळत आला तर क्लच घसरतो आहे. चढावर आणि माल लादलेला असताना हे अधिक जाणवते. मालेगावहून नाशिकला जाताना राहुड घाटात ज्याची गाडी नुसती ओरडते, त्याला वेगळ्या परीक्षेची गरज नाही.

मात्र पिकअप कमी झाला म्हणजे क्लचच गेला, असे नव्हे. इंजिनच कमजोर असेल तर गाडी ओढत नाही, पण रेसही मोकळी चढत नाही. मागचा ब्रेक चिकटत असेल तर थोडे चालवल्यावर ड्रम नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि गाडी ढकलायला जड जाते. चेन व चक्राचे दात झिजले असतील तर खटखट आवाज येऊन झटके बसतात. हे न पाहता क्लच खोलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

स्वस्त कारण आधी तपासा

पहिली तपासणी क्लच वायरची. लिव्हर बोटाने हलवून पाहावा. वायर ताणायच्या आधी लिव्हरच्या टोकाला थोडी मोकळी हालचाल हवी, तिला 'प्ले' म्हणतात. बऱ्याच लहान गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवूनही ही हालचाल कायम राहिली पाहिजे.

येथे अनेकांची गल्लत होते. प्ले जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर कडक पडतो, न्यूट्रल सापडत नाही. प्ले अजिबात नसेल तर लिव्हर कायम किंचित दाबल्यासारखा राहतो आणि क्लच घसरतो. दोन्ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. शिवाय प्लेटा झिजत जातात तसा प्ले आपोआप कमी होतो, म्हणून महिन्यातून एकदा तो पाहणे बरे. आमच्या बाजारातील एका फेरीवाल्याने एका वर्षात दोनदा प्लेटा बदलल्या. शेवटी एका वृद्ध उस्तादाने लिव्हरला बोट लावून सांगितले, "प्लेटांचा दोष नाही, वायर ताणून बसवली आहे." ॲडजस्टरचा नट फिरवण्याचे काम होते, आणि दोन वेळचा खर्च वाया गेला होता.

दुसरी तपासणी ऑइलची. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती मोटारीला चालतात, पण येथे प्लेटांची पकडच सोडवतात. यासाठी जपानने १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलचे वेगळे मानक ठरवले. डब्यावर 'जासो' या शब्दापुढे 'एमए' किंवा 'एमए२' ही अक्षरे असावीत. 'एमबी' हे कमी घर्षणाचे ऑइल आहे, ते ओल्या क्लचसाठी नव्हे. चुकीचे ऑइल पडले असेल आणि प्लेटा जळलेल्या नसतील, तर योग्य ऑइल भरल्यावर क्लच बऱ्याचदा सुधारतो.

खोलण्याची वेळ आलीच तर

वायर आणि ऑइल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर मग प्लेटा पाहाव्यात. ऑइलला जळका वास येत असेल तर हा संशय पक्का होतो. लायनिंगची जाडी व स्प्रिंगांची लांबी मापाने मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडावी. पोलादी प्लेटा निळ्या पडल्या आहेत का, सपाट काचेवर ठेवल्यावर डुगडुगतात का, हे पाहावे. स्प्रिंगा बदलायच्या तर सर्व एकदम बदलाव्यात. नव्या लायनिंगच्या प्लेटा बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळण्याचा धोका असतो.

स्प्रिंगांखाली वायसर टाकणे किंवा प्लेटा पॉलिश पेपरने घासणे हे दोन नुस्खे काही ठिकाणी चालतात. त्याने चार दिवस निघतील, पण लिव्हर कडक होईल आणि झीज तशीच राहील. काम आपल्यासमोर करून घ्यावे आणि काढलेला माल परत मागावा. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट तो स्वतःच झिजलेली प्लेट हातात देऊन दाखवतो.

सवयीही तपासा

चालवताना डाव्या हाताची बोटे लिव्हरवर टेकवून ठेवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे आणि वरच्या गिअरमध्ये जड माल ओढणे, या तीन सवयी नव्या प्लेटाही लवकर संपवतात. वजनाची मर्यादा पुस्तिकेत लिहिलेली असते आणि तीत चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते, हे ताग्यांचा गठ्ठा बांधताना ध्यानात ठेवावे.

वायर जुळवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ऑइलला काहीशे रुपये पुरतात. प्लेटा, पॅकिंग आणि मजुरी मिळून मात्र दिवसाची कमाई जाते आणि दिवसही जातो. म्हणून तपासणीचा क्रमही हाच ठेवावा: आधी वायर, मग ऑइल आणि शेवटी प्लेटा. घसरणारा क्लच घेऊन माल लादून घाटात मात्र जाऊ नये. तिथे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.