ठोका न्यायचा की आवाज? इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि ऑक्टोपॅड लॅपटॉपला जोडताना

वसई-विरार पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक ताल मुख्यतः दोन प्रकारच्या घरांत सापडतो. एक, चर्चच्या गायकवृंदात वाजवणाऱ्या मुलाचा फ्लॅट. तिथे जाळीच्या नाहीतर रबराच्या पॅडांचा ड्रमकिट असतो आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वाजवणाऱ्याच्या कानावर हेडफोन. दुसरं घर बेंजो पार्टीतल्या वादकाचं. त्याच्याकडे आठ चौकोनी पॅडांचा ऑक्टोपॅड असतो आणि तो हळदीला, मिरवणुकीला बाहेर पडतो. दोघांनाही हल्ली एकच गोष्ट हवी असते: वाजवलेलं घरच्या लॅपटॉपवर स्वच्छ उतरवायचं. ते जमतं, आणि फार खर्चही येत नाही. फक्त केबल विकत घ्यायच्या आधी आपल्याला नेमकं काय उतरवायचं आहे हे ठरवावं लागतं.

त्यासाठी पॅडच्या आत काय चालतं ते पाहू. पॅडच्या पोटात पिझो नावाची पातळ चकती असते. काठीचा ठोका बसला की ती क्षणभर किंचित वीज तयार करते. ठोका जोराचा असेल तर जास्त, हलका असेल तर कमी. वायरीतून ही वीज मॉड्यूलकडे जाते. मॉड्यूल म्हणजे बटणं आणि छोटा पडदा असलेला डबा. ऑक्टोपॅडमध्ये तो पॅडांच्या सोबतच बसवलेला असतो. मॉड्यूल दोन कामं करतं. कोणता पॅड वाजला आणि किती जोरात, याची नोंद करतं. आणि त्या नोंदीप्रमाणे साठवलेला आवाज बाहेर सोडतं.

लॅपटॉपला आपण यातलं काहीही देऊ शकतो: नुसती नोंद, नुसता आवाज किंवा दोन्ही.

नोंद पाठवण्याच्या पद्धतीला मिडी म्हणतात. रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ती १९८३ साली बाजारात आली, आणि आजही कोणत्याही कंपनीचं वाद्य कोणत्याही सॉफ्टवेअरशी याच भाषेत बोलतं. मिडीत आवाज नसतोच. ढोलकीचे बोल वहीत लिहून ठेवावेत तसं ते आहे: वही वाचून कुठल्याही ढोलकीवर वाजवता येतं, पण वही कानाला लावली तर काही ऐकू येत नाही. ‘रेकॉर्ड झालंय, पडद्यावर ठोके दिसतायत, पण आवाज येत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार इथेच जन्मते.

मग काय निवडावं? चर्चमधल्या गाण्यांसाठी, बँडसाठी ड्रमकिट वाजवत असाल तर मिडी घ्यावं. लॅपटॉपवरच्या ड्रम सॉफ्टवेअरचे आवाज बहुतेक स्वस्त मॉड्यूलपेक्षा चांगले असतात आणि चुकलेला एखादा ठोका नंतर सरकवता येतो. हळदीच्या गाण्यासाठी ऑक्टोपॅड वाजवत असाल तर मात्र माझं मत उलट आहे. तिथे आवाजच उतरवावा. ऑक्टोपॅडवाल्याची खरी कमाई त्याने जमवलेले, सुधारलेले ढोलकी-ताशाचे पॅच, म्हणजे मॉड्यूलमध्ये साठवलेले आवाज, ही असते, आणि मोफत मिळणारी ड्रम सॉफ्टवेअर बहुतेक पाश्चात्त्य ड्रमसाठीच बनवलेली असतात. शक्य असेल तर दोन्ही एकाच वेळी घ्यावं. नोंदीची फाइल अगदी लहान असते आणि पुढे कधीतरी कामाला येते.

आता मॉड्यूलची मागची बाजू पाहू. यूएसबीची दोन तोंडं असू शकतात. चौकोनी, प्रिंटरच्या केबलसारखं तोंड संगणकासाठी असतं. चपटं असेल ते पेन ड्राइव्हसाठी. रोलँडच्या एसपीडी-३० ऑक्टोपॅडला दोन्ही आहेत. चपट्या तोंडातून लॅपटॉपला जोडायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि काहीच होत नाही म्हणून वाद्य बिघडलं असं समजतात.

केबल चौकोनी तोंडाची असेल तर प्रिंटरची चालते. काही नव्या किटना मोबाइलसारखं छोटं तोंड असतं, आणि तिथे एक फसगत ठरलेली आहे: मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून नोंदी जातच नाहीत. फोनमधले फोटो ज्या केबलने लॅपटॉपवर घेता येतात, ती घ्यावी. यूएसबी हब मध्ये न आणता सरळ लॅपटॉपला जोडावी, आणि लांबी दोन-तीन मीटरच्या आत ठेवावी.

आपल्याकडे जुना एसपीडी-२० असेल तर त्याला यूएसबी नाहीच. मागे पाच पिनांचं गोल तोंड आहे. त्यासाठी यूएसबी-मिडी केबल किंवा मिडीची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस लागतो. ऑडिओ इंटरफेस म्हणजे वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा बाहेरचा डबा. वाद्याचा ‘आउट’ नेहमी दुसऱ्या बाजूच्या ‘इन’मध्ये जातो. पण स्वस्त केबलींवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिण्याची रीत एकसारखी नसते. वाजवताना केबलवरचा दिवा लुकलुकत नसेल तर आधी तिचे दोन प्लग अदलाबदल करून पाहावेत. निम्म्या वेळा काम तिथेच होतं. ही सामग्री वसईत मिळाली नाही, तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळते.

जोडणीचा क्रम असा ठेवावा: मॉड्यूलचा आवाज शून्यावर, केबल जोडा, मॉड्यूल सुरू करा, आणि मगच रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा. बरीच सॉफ्टवेअर उघडतानाच कोण कोण जोडलेलं आहे ते पाहतात. नंतर आलेला पाहुणा त्यांना दिसत नाही.

काही वाद्यांना ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्या वाद्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम. तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. रोलँडच्या टीडी-१७ सारख्या मॉड्यूलमध्ये यूएसबीच्या सेटिंगला ‘जेनेरिक’ आणि ‘व्हेंडर’ असे दोन पर्याय असतात. ‘जेनेरिक’वर नुसत्या नोंदी जातात. ‘व्हेंडर’वर ठेवून ड्रायव्हर टाकला की त्याच एका केबलमधून नोंदीही जातात आणि स्टिरिओ आवाजही. हा पर्याय बदलल्यावर मॉड्यूल बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. पुस्तिकेतली ही ओळ वाचायची राहून जाते.

सॉफ्टवेअरबद्दल एक इशारा. ऑडॅसिटी मोफत आहे, सोपं आहे आणि आवाज उतरवायला उत्तम आहे, पण मिडीच्या नोंदी त्यात रेकॉर्ड होत नाहीत. नोंदी हव्या असतील तर मॅकवर गॅरेजबँड आहे आणि विंडोजवर रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं. सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुटच्या यादीत आपल्या वाद्याचं नाव शोधावं आणि ते चालू करावं. नाव दिसतं पण चालू होत नाही, असं विंडोजवर झालं तर दुसरा एखादा प्रोग्राम ते वाद्य धरून बसलेला असतो. तो बंद करावा.

यानंतर नवा ट्रॅक घ्यावा, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी एक रिकामी ओळ. तिचं इनपुट मिडीवर ठेवावं, लाल बटण दाबून ट्रॅक तयार ठेवावा, आणि त्यावर ड्रमचं सॉफ्टवेअर वाद्य चढवावं. एमटी पॉवर ड्रमकिट किंवा स्टीव्हन स्लेट ड्रम्सची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरेशी आहे. स्नेअर वाजवा. ट्रॅकवरची पट्टी हलली आणि आवाज आला, तर अवघड भाग संपला. पट्टी हलते पण आवाज नाही, तर गडबड सॉफ्टवेअर वाद्यात किंवा स्पीकरच्या निवडीत आहे. पट्टीच हलत नाही, तर मागे केबलकडे जावं. सगळं एकदम उचकटण्यापेक्षा ही एक पट्टी आधी पाहावी.

कधी स्नेअर मारला की झांज वाजते. यात बिघाड काही नसतो. मिडीत प्रत्येक पॅडला क्रमांक असतो: साधारणपणे किक ३६, स्नेअर ३८, मिटलेला हायहॅट ४२, उघडा हायहॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१. आपलं मॉड्यूल आणि सॉफ्टवेअर यांचे क्रमांक जुळले नाहीत की भलताच आवाज येतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅप’ नावाची यादी असते, तिथे आपल्या किटचं नाव असेल तर निवडावं, नसेल तर एकेक पॅड वाजवून जुळवून घ्यावं. ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत जातो. सगळे ठोके १२७ येत असतील तर मॉड्यूलमधली संवेदनशीलता कमी करावी.

हायहॅट सर्वांत जास्त छळतो. त्याचं पेडल किती दाबलं आहे ही नोंद वेगळी, सतत बदलणारी असते. काही किटमध्ये ती सॉफ्टवेअरच्या अपेक्षेच्या उलट येते. पाय दाबला की झांजा उघडतात. सॉफ्टवेअरमध्ये ती उलटवण्याची सोय शोधावी. एका पॅडवर मारल्यावर शेजारचाही वाजत असेल किंवा एका ठोक्याचे दोन होत असतील, तर उपाय मॉड्यूलच्या ट्रिगर सेटिंगमध्ये असतो. रेकॉर्डिंग झाल्यावर असे जादा ठोके वेचत बसणं फार कंटाळवाणं काम आहे.

एका ठोक्याला दोन वेगवेगळे आवाज येत असतील, तर मॉड्यूलचा आणि सॉफ्टवेअरचा आवाज एकाच वेळी ऐकू येतोय. मॉड्यूलचा आवाज बंद करावा, किंवा त्यातलं ‘लोकल कंट्रोल’ बंद करावं.

आता उशीर, म्हणजे लेटन्सी. ठोका आधी आणि आवाज मागाहून, असं झालं की वाजवताच येत नाही. लॅपटॉप आवाज छोट्या तुकड्यांत बनवतो आणि त्या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या गतीला १०२४ चा बफर म्हणजे जवळपास २३ मिलीसेकंद, तर १२८ चा बफर म्हणजे ३ मिलीसेकंदांच्या आत. वर थोडी भर इतर टप्प्यांची पडते. एकूण १० मिलीसेकंदांपर्यंत चालून जातं. साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या ताशेवाल्याचा आवाजही आपल्यापर्यंत तेवढ्याच वेळाने पोचतो. म्हणून वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवावा. आवाज तडतडू लागला तर थोडा वाढवावा. विंडोजवर ‘असिओ’ प्रकारचा ड्रायव्हर निवडावा. ऑडिओ इंटरफेस असेल तर तो सोबत येतो, नसेल तर ‘असिओ-फोर-ऑल’ मोफत मिळतो.

आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवावेत. त्यांचा उशीर कोणत्याही सेटिंगने जात नाही. कितीतरी जण बफरशी झुंजत राहतात, आणि दोष कानावरच बसलेला असतो.

ज्यांना आवाज उतरवायचा आहे आणि वाद्यात यूएसबीतून आवाज जात नाही, त्यांनी मागच्या ‘एल’ आणि ‘आर’ जॅकमधून दोन पाव इंची केबल ऑडिओ इंटरफेसच्या दोन लाइन इनपुटमध्ये न्याव्यात. नुसता ‘एल’ जोडला तर बहुतेक वाद्यं दोन्ही बाजू मिसळून एकेरी आवाज देतात. स्टेजवर ठीक, रेकॉर्डिंगला नाही. हेडफोनच्या जॅकमधून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात केबल घालणं हा सगळ्यांचा पहिला प्रयोग असतो. तो टाळावा. ते भोक माइकच्या क्षीण आवाजासाठी आहे आणि बहुधा एकेरीच असतं, त्यामुळे ऑक्टोपॅडचा दणका तिथे फाटून येतो.

पातळी ठरवताना आपल्या सर्वांत जोरदार ठोक्यावर ठरवावी. सॉफ्टवेअरच्या मीटरवर तो उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान यावा. शून्याला टेकून लाल दिवा लागला की तो आवाज फाटलाच, नंतर दुरुस्त होत नाही. गाण्याच्या भरात माणूस सरावापेक्षा जोरात मारतो, हेही गृहीत धरावं.

सतत घुमणारी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर लॅपटॉप आणि वाद्य एकाच बोर्डावर लावावेत किंवा रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवावं. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

खरखर येत असेल तर कारण वेगळं. समुद्रालगतच्या खाऱ्या, दमट हवेत जॅक गंजतात. अर्नाळ्याकडच्या, भुईगावकडच्या मंडळींना हे सांगायला नको. वाद्य बंद करून जॅक दहा-बारा वेळा आतबाहेर करावा, तरी खरखर राहिली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण मॉड्यूल बंद पडतं. वीज आल्यावर मॉड्यूल सुरू करून सॉफ्टवेअरही बंद करून पुन्हा उघडावं लागतं. पावसाळ्यात दर टेकनंतर सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावी.

रेकॉर्डिंगला बसण्याआधी गाण्याची लय सॉफ्टवेअरमध्ये टाकावी आणि त्याच्याच टिकटिकीवर वाजवावं. मॉड्यूलमध्येही टिकटिक असते. ती बंद ठेवावी, नाहीतर दोन घड्याळं हळूहळू फाटत जातात. रात्री वाजवणार असाल तर लक्षात घ्या, हेडफोन असला तरी किकच्या पेडलचा धक्का लादीतून खालच्या घरात पोचतो. खाली जाड रबर आणि त्यावर गालिचा घालावा.

आता ट्रॅक गाणाऱ्याला किंवा कीबोर्डवाल्याला पाठवायचा असेल तर तो पहिल्या ठोक्यापासून न कापता गाण्याच्या शून्य वेळेपासून डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढावा. मग समोरचा तो सुरुवातीला चिकटवतो आणि सगळं जुळतं. फाइलच्या नावातच लय लिहावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मिडीची फाइल सोबत देत असाल तर कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज लावला आहे याची यादीही द्यावी. ऑक्टोपॅडवर आपण ५२ ला ढोलकीची थाप लावलेली असेल, तर समोरच्याच्या ड्रमकिटमध्ये त्या जागी बहुधा चायना झांज वाजेल.