खोका येण्याआधीचा आनंद

बीएमडब्ल्यू एम १००० आरआर ही शर्यतीच्या जातीची मोटारसायकल जेवणाच्या टेबलावर मावते. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, उंची २७ आणि सुटे तुकडे १,९२०. लेगो कंपनीने हा संच २०२२ मध्ये बाजारात आणला आणि त्याच्या खोक्यावर १८ वर्षांपुढील असे वय छापले. तिला तीन गिअर आहेत, न्यूट्रल आहे, साखळी फिरते, सस्पेन्शन दबते, हँडल वळते. फक्त पेट्रोल लागत नाही. याच मापाची यामाहा एमटी-१० एसपी २०२३ मध्ये आली, तुकडे १,४७८. डुकाटी पानिगाले व्ही४ एस २०२५ मध्ये, तुकडे १,६०३. हातातली गाडी अजून अर्धी जुळलेली असतानाच पुढची कोणती येणार याचे तर्क शौकीन मंडळी करू लागतात. काही महिने त्या तर्कांवर जातात, मग छायाचित्र येते, मग तारीख, मग पैसे भरून झाले की पार्सलची वाट.

भद्रावतीत ही वाट आणखी थोडी लांबते. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचे हे गाव, रेल्वे स्टेशनचे नाव अजून भांदक. आयुधनिर्माणी आणि आसपासच्या कोळसा खाणींमुळे पाळीत काम करणारी, यंत्राशी रोजची ओळख असलेली माणसे इथे भरपूर. त्यांना गिअर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आठ दात्यांच्या चाकाने चोवीस दात्यांचे चाक फिरवले की वेग एक तृतीयांश होतो आणि पीळ तिप्पट, हे लेगोच्या प्लॅस्टिकमध्येही तितकेच खरे. मात्र असा संच ठेवणारे दुकान कोपऱ्यावर सापडत नाही. आणि किंमत पाच आकडी. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ मध्ये ७० वर, त्याचाही त्यात वाटा. म्हणजे आधी दोन-तीन पगारांतून बाजूला काढायचे, मग ऑनलाइन मागवायचे, मग कुरिअरकडे डोळे लावून बसायचे. चाळिशी उलटलेल्या माणसाने 'खेळणे' मागवले म्हणून घरातल्यांचे ऐकून घ्यायचे ते वेगळेच.

पण या वाट पाहण्यात माणसाच्या मेंदूत नेमके काय चालते, हा गमतीचा भाग नाही. त्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरेच चांगले काम झाले आहे.

वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग यात पायाभूत मानले जातात. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. मग रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर त्या पेशी दिवा लागताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प राहिल्या. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. दिवा लागला पण रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे चेतणे नेहमीपेक्षाही खाली गेले. १९९७ मध्ये शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला : डोपामिन सुखाची पावती फाडत नाही, ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजते.

हे कळले की 'आपले पार्सल आज पोहोचेल' या संदेशाने खोक्यापेक्षाही जास्त उसळी का येते, ते समजते. संदेश हा दिवा आहे. आणि संध्याकाळी 'पत्ता सापडला नाही, उद्या पुन्हा प्रयत्न करू' असा दुसरा संदेश आला की दिवसभर काहीही न गमावलेला माणूस काहीतरी गमावल्यासारखा का बसतो, तेही.

यात अनिश्चिततेची एक खोच आहे. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवले की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा या पेशींतली ताण धरून राहिलेली हालचाल सर्वाधिक असते. नक्की मिळणार असेल किंवा नक्की मिळणार नसेल, तर ती मंदावते. पुढची गाडी कोणत्या कंपनीची, किती तुकड्यांची, भारतात येणार की नाही, यावरच्या अफवा इतक्या चवीने का चघळल्या जातात याचे एक कारण इथे असावे. माकडांवरून माणसांवर उडी मारताना जपून मारावी लागते, हे खरे. पण मोबाइलवर दर अर्ध्या तासाला पार्सल कुठवर आले ते पाहणाऱ्याला ही उडी फार लांबची वाटणार नाही.

वाट पाहणे सुखाचे की त्रासाचे? नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सहलीला जाणारे लोक, न जाणाऱ्यांपेक्षा, सहलीच्या आधी अधिक आनंदी होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांत काही फरक उरला नव्हता. ज्यांची सहल फारच निवांत झाली तेवढेच अपवाद. म्हणजे सहलीच्या सुखाचा मोठा हिस्सा बॅग भरण्याआधीच पदरात पडलेला होता. अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि थॉमस गिलोविच यांनी २०१४ मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला. वस्तूची वाट पाहणे आणि अनुभवाची वाट पाहणे सारखे असते का? तसे नव्हते. सहल, जेवण, कार्यक्रम यांची वाट पाहताना उत्साह जास्त असे, वस्तूची वाट पाहताना त्यात अधीरपणा मिसळे.

मग १,९२० तुकड्यांची मोटारसायकल ही वस्तू की अनुभव? खोके पाहिले तर वस्तू. काचेच्या कपाटात मांडली तरी वस्तूच. पण त्यामधल्या संध्याकाळी मोजल्या तर तो अनुभव आहे, आणि पैसे खरे तर त्या संध्याकाळींचेच आहेत. जो शौकीन 'कधी एकदा कपाटात ठेवतो' असे म्हणतो त्याची वाट चिडचिडीची होते. जो 'गिअरबॉक्स कसा बसवला असेल' असा विचार करतो त्याची वाट गोड जाते. याचा कोणी प्रयोग केलेला नाही, पण वरच्या अभ्यासांतून निघणारे अनुमान बऱ्यापैकी सरळ आहे.

जुळवण्याच्या सुखावर मात्र प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे आणि तोही लेगोच्याच तुकड्यांवर. डॅन एरिएली, एमिर कामेनित्सा आणि द्राझेन प्रेलेक यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ४० तुकड्यांच्या लहान बाहुल्या जुळवायला दिल्या. पहिलीचे दोन डॉलर, पुढच्या प्रत्येकीचे ११ सेंट कमी. नको वाटेल तेव्हा थांबायचे. एका गटाच्या जुळवलेल्या बाहुल्या टेबलावर ओळीने मांडून ठेवत. दुसऱ्या गटात मात्र विद्यार्थी पुढची बाहुली जुळवत असताना त्याच्याच डोळ्यांदेखत आधीची मोडत आणि पुढच्या फेरीसाठी तेच तुकडे परत देत. काम तेच, मजुरी तीच. पहिल्या गटाने सरासरी १०.६ बाहुल्या जुळवल्या, दुसऱ्याने ७.२. आपण केलेले समोर उभे राहावे, एवढी साधी मागणी माणसाचा हात पूर्ण करून घेतो.

ही मागणी भद्रावतीला नवी नाही. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने चिनीमाती आणि कुंभारकामाचे प्रशिक्षण कित्येक वर्षे दिले. त्या कामात तर वाट पाहणे घडणीचाच भाग असते. चाकावरून उतरलेले भांडे आधी सावलीत वाळवावे लागते. भाजताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते आणि ते फुगतात, थंड होताना त्याच टप्प्यावर पुन्हा आकसतात. त्यामुळे भट्टी घाईने उघडली, थंड हवा आत शिरली की भांड्याला तडा जातो. आत काय झाले असेल हे मनाशी घोळवत कुंभार बाहेर थांबतो. लेगोची वीट याच्या अगदी उलट टोकाची. ती एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची, साच्यातून काही सेकंदांत बाहेर पडणारी आणि मापाला इतकी चोख, की १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेची वीट आजच्या विटेवर बसते. माती भाजताना सुमारे दहावा हिस्सा आकसू शकते, हे लक्षात घेतले तर या चोखपणाचे महत्त्व कळते. इथे थांबायचे काम वस्तूचे नाही, सगळे गिऱ्हाइकाचेच.

आरोग्याच्या दृष्टीने हातकामाबद्दल काय म्हणता येते? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ८५ वर्षांपुढील २५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्या सर्वांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ठीक होती. मध्यम वयात आणि उतारवयातही लाकूडकाम, कुंभारकाम, शिवणकाम यांसारखी हस्तकला करणाऱ्यांमध्ये विस्मरणाची सौम्य अवस्था येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. हे निरीक्षण आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. ज्यांचा मेंदू मुळातच तल्लख तेच अशा कामात रमतात, असेही असू शकते. आणि त्या यादीत प्लॅस्टिकच्या विटा नव्हत्या. स्मृतिभ्रंश टळावा म्हणून कोणी पाच आकडी संच घेऊ नये. शिवणयंत्र घरात आहे ते पुरे.

शौक बिघडतो तो वाट पाहण्याच्याच बाजूने. अपेक्षेची उसळी खोके उघडताच ओसरते, कारण रस मिळाल्यावर पेशी गप्प होतात. ती पुन्हा हवी असेल तर सोपा मार्ग म्हणजे पुढचे खोके मागवणे. न उघडलेल्या खोक्यांचा ढीग साठवणारे शौकीन जगभर आहेत, आणि हप्त्यांवर मिळणाऱ्या खरेदीने ढीग वाढवणे सोपे केले आहे. एक जुळल्याशिवाय दुसरा मागवायचा नाही, हा घरगुती नियम इथे उपयोगी पडतो. घरातल्यांची टीका बहुतेक वेळा खेळण्यावर नसून या ढिगावर असते.

बाकी काळजी किरकोळ आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते, तेव्हा काळे आणि गडद राखाडी तुकडे वेगळे ओळखायला चष्मा आणि बाजूने येणारा चांगला उजेड हवा. अर्ध्या तासाने उठून मान आणि पाठ मोकळी करावी. रात्रपाळी करून आलेल्याने झोप पुढे ढकलून बसू नये. पिना आणि बुशासारखे बारीक भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून काम उघडे टाकून उठायचे नाही. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याने गाडी वितळणार नाही, कारण एबीएस मऊ पडायला शंभरावर अंश लागतात. पण खिडकीतल्या थेट उन्हात पांढरे आणि निळे तुकडे पिवळट पडतात, तेव्हा कपाट आतल्या भिंतीला बरे.

मोठ्या संचातले तुकडे क्रमांक घातलेल्या पिशव्यांत येतात. एका बैठकीत सगळ्या न फोडता एका संध्याकाळी एकच फोडली, तर उद्याच्या पिशवीची वाट पुन्हा सुरू होते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. शेवटची पिशवी संपल्यावर टेबलावर दहा-वीस बारीक तुकडे उरतील. काही बसवायचे राहिले म्हणून गाडी उलगडू नये. कारखान्यात पिशव्या वजनावर तपासल्या जातात, इतक्या हलक्या तुकड्यांची कमतरता काट्याला नीट कळत नाही, म्हणून कंपनी ते मुळातच एखाददुसरे जास्त घालते.