शंभर माणसांची पालिका

फिनलंडमध्ये तीनशेहून अधिक पालिका आहेत. त्यांतली लोकसंख्येने सर्वांत मोठी हेलसिंकी आणि सर्वांत छोटी सोट्टुंगा. कायद्याच्या लेखी दोघींची जात एकच. फरक एवढाच, की हेलसिंकीत साडेसहा लाखांहून जास्त माणसे राहतात आणि सोट्टुंगात शंभराच्या आसपास. गिरगावातल्या एखाद्या बऱ्यापैकी चाळीत याहून जास्त माणसे नांदत असत आणि तिथे पाण्याच्या नळावरून एकमत होत नसे! सोट्टुंगाची जमीन जेमतेम २८ चौरस किलोमीटर. बाकी सारे पाणी.

बाल्टिक समुद्रात स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधोमध ऑलंड नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी बेटे ६,५०० हून अधिक, लोकवस्ती सुमारे ३०,०००. त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त एकट्या मारियेहाम्न या राजधानीत. या तीस हजारांना सोळा पालिका, त्यांतली एक सोट्टुंगा. तिथे पूल नाही. मुख्य बेटावरच्या लाँगनेस धक्क्यावरून फेरीबोट सुटते, तिच्या वेळापत्रकावर गावाचा दिवस चालतो.

देश फिनलंड, पण भाषा स्वीडिश. ही भानगड समजून घेण्यासारखी आहे. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंडसह ही बेटे रशियाला गमावली. क्रिमियन युद्धात, १८५४ मध्ये, इंग्रज-फ्रेंच आरमाराने इथला बोमारसुंड किल्ला पाडला आणि १८५६ च्या पॅरिस तहाने बेटांवर लष्करी तळ ठेवायला बंदी झाली. ती आजही आहे. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा बेटवासीयांनी पुन्हा स्वीडनमध्ये जाण्याची मागणी लावून धरली. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले. १९२१ मध्ये निकाल लागला: बेटे फिनलंडची, मात्र त्यांची भाषा, जमीन आणि चालीरीती यांची हमी फिनलंडने द्यायची. बेटवाल्यांनी स्वायत्तता मागितलीच नव्हती, त्यांना स्वीडन हवा होता. पण न मागता पदरात पडलेली ही गोष्ट त्यांनी अशी काही सांभाळली, की राष्ट्रसंघ बुडाला तरी त्याचा हा निवाडा टिकून आहे.

या हमीचा कणा म्हणजे एक विशेष रहिवासहक्क. आपण त्याला ‘गावकीचा हक्क’ म्हणू. जन्माने तो आईबापांकडून येतो. बाहेरच्याला फिनलंडचे नागरिकत्व, ऑलंडवर पाच वर्षे वास्तव्य आणि पुरेसे स्वीडिश एवढे जमवावे लागते. तो नसेल तर खास परवानगीखेरीज जमीन घेता येत नाही, प्रादेशिक विधिमंडळासाठी मतही देता येत नाही. १९९५ मध्ये फिनलंडबरोबर युरोपीय संघात शिरतानाही त्यांनी ही अट शाबूत ठेवून घेतली.

मला इथे थोडी शंका येते. कुंपण जमीन राखते, माणसे राखत नाही. जिथे एक कुटुंब उठून गेले तर लोकसंख्या चार टक्क्यांनी घटते, तिथे खरा प्रश्न येणाऱ्यांना अडवण्याचा नसून जाणाऱ्यांना थांबवण्याचा आहे. ‘काट्रिना’ ही सॅली सॅल्मिनेनची १९३६ ची कादंबरी याच द्वीपसमूहातली. तिची नायिका मुख्य भूमीवरून लग्न होऊन बेटावर आलेली परकी बाई. आणि ती लिहिताना खुद्द लेखिका न्यूयॉर्कमध्ये घरकाम करीत होती! बेट सोडून जाणे ही तिथली जुनी रीत आहे.

मग एवढ्याशा गावाला स्वतंत्र पालिका हवी कशाला? तिथली पालिका म्हणजे केवळ दिवाबत्ती नव्हे. शिक्षण, पाळणाघरे, वृद्धांची देखभाल तिच्याकडे. स्थानिक आयकराचा दरही तीच ठरवते. ऑलंडच्या सरकारने हिशेब मांडला आणि सोळा पालिकांच्या चार करण्याचा कायदा २०१८ मध्ये केला. छोट्या पालिका चिडल्या. २०१९ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि नव्या सरकारने तो कायदा मागे घेतला.

माझे आयुष्य बँकेत गेले. ‘अव्यवहार्य शाखा’ या मथळ्याचे अहवाल मी पुष्कळ वाचले आणि काही लिहिलेही. त्यांतली बेरीज खोटी नसते. फक्त शाखा बंद झाल्यावर पेन्शनसाठी एसटीने तालुक्याला जाणाऱ्या म्हातारीचे भाडे त्या बेरजेत कोणी धरत नाही, कारण ते बँकेच्या खिशातून जात नाही. सोट्टुंगाच्या बाबतीत हे भाडे समुद्रावरचे आहे.

अर्थात जुने सारे तसेच राहिलेले नाही. २०२१ पासून सोळाही पालिकांची समाजकल्याणाची बरीचशी कामे एका संयुक्त संस्थेकडे गेली. एकट्यादुकट्या कर्मचाऱ्यावर ती झेपणारी नव्हतीच. पाळणाघरे आणि म्हाताऱ्यांची देखभाल मात्र पालिकांनी आपल्याकडेच ठेवली.

लाँगनेसच्या त्याच बंदरात रात्री स्टॉकहोम-फिनलंड मार्गावरची अजस्र जहाजे काही मिनिटे टेकतात. कारण मोठे गमतीचे. ऑलंड युरोपीय संघात असूनही त्याच्या करक्षेत्राबाहेर आहे. तिथे थांबा घेतला, की जहाजावर दारू आणि तंबाखू करमुक्त विकता येते. हजारो उतारू तेव्हा झोपेत असतात किंवा पीत असतात. सोट्टुंगाची बोट सुटते तीही याच लाँगनेसहून.