नाशवंत मालाचा साठा : एका गणिती प्रतिमानाचे वाचन

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या तलावाची मासळी विकणाऱ्या एखाद्या ढिवर स्त्रीची कल्पना करा. तिच्यापुढे रोज एकच प्रश्न असतो : आज माल किती घ्यावा? कमी घेतला तर गिऱ्हाईक परत जाते. जास्त घेतला तर मासळी नासते. याच प्रश्नाचे शास्त्रीय रूप म्हणजे ‘साठा-प्रतिमान’ होय.

१९१३ साली हॅरिस यांनी मांडलेल्या सूत्रात माल टिकाऊ आणि मागणी स्थिर मानली होती. १९६३ मध्ये घारे व श्रेडर यांनी नासाडीचाही हिशेब केला. त्यांचे समीकरण शब्दांत असे : साठ्यातील घट म्हणजे मागणी अधिक उरलेल्या साठ्याच्या प्रमाणात होणारी नासाडी.

येथे ‘प्रमाणात’ हा शब्द लक्षपूर्वक वाचा. समजा, रोज दहावा हिस्सा नासतो आणि विक्री मुळीच होत नाही. मग २० किलोंतून पहिल्या दिवशी २ किलो जातील, दुसऱ्या दिवशी उरलेल्या १८ किलोंतून १.८ किलो. म्हणजेच साठा जितका मोठा, तितके नुकसान मोठे. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला जादा माल अशा वेळी महाग पडतो.

पुढील अभ्यासकांनी मागणीही बदलती मानली. मासळीची मागणी आठवडी बाजाराच्या दिवशी वाढते, श्रावणात उतरते. म्हणून खरेदीचा एकच आकडा वर्षभर चालत नाही.

स्वयं-अध्ययन : तुमच्या गावातील भाजीविक्रेत्याचा असाच निर्णय पाच वाक्यांत स्पष्ट करा.